लोकप्रशासनावरील शोधनिबंध : पानिपतचे उदाहरण

लोकप्रशासन या विषयावर शोधनिबंध कसा लिहावा, याविषयी चार गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी प्रशासक नाही आणि या विषयाचा अध्यापकही नाही. माझा व्यवसाय भाषांतराचा. परंतु प्रशासनविषयक ग्रंथ आणि अहवाल एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना त्यांतील प्रत्येक वाक्य उलटसुलट करून पाहावे लागते. कोणत्या वाक्यात माहिती आहे आणि कोणत्या वाक्यात केवळ शब्दांचा पसारा आहे, हे त्या उद्योगात आपोआप कळू लागते. त्या अनुभवाच्या आधारानेच मी बोलणार आहे. नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एकच उदाहरण हाती घ्यावे आणि ते शेवटपर्यंत न सोडावे, असे मी ठरवले आहे. ते उदाहरण पानिपतचे आहे.

पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १४ जानेवारी १७६१ हा दिवस उभा राहतो. एखाद्या कामाचा पुरता विचका झाला की आपण त्याचे ‘पानिपत झाले’ असे म्हणतो. त्या पराभवाची कारणमीमांसा करताना रणनीतीइतकेच रसदीला महत्त्व द्यावे लागते. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, धान्य आणि पैसा यांची वाट तुटली, आणि छावणीची उपासमार सुरू झाली. वसुली, पुरवठा, दळणवळण, वरच्या आज्ञेची खाली होणारी अंमलबजावणी हे सारे विषय लोकप्रशासनाचेच आहेत. मात्र मला आज त्या पानिपतविषयी बोलावयाचे नाही. २२ जानेवारी २०१५ रोजी याच शहरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा आरंभ झाला. मुलींची घटती संख्या सावरण्यासाठी आखलेल्या या योजनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण अभ्यासासाठी घेऊ.

पहिली पायरी प्रश्नाची. आपल्याकडील पुष्कळ निबंधांचे शीर्षक ‘अमुक योजना : एक अभ्यास’ असे असते. अशा शीर्षकाखाली योजनेची उद्दिष्टे, तिचे घटक, तिची वैशिष्ट्ये आणि शेवटी दोन-चार सूचना असा मजकूर येतो. तो शासनाच्या माहितीपुस्तिकेची नक्कल ठरतो. संशोधनाला असा प्रश्न लागतो की ज्याचे उत्तर आरंभी लेखकालाही ठाऊक नसते, आणि जे उत्तर चुकीचे ठरण्याची शक्यता असते. ‘पानिपत जिल्ह्यात योजना यशस्वी झाली काय?’ हा प्रश्न दिसावयास सरळ, परंतु एका निबंधात न मावणारा आहे. ‘योजना सुरू झाल्यानंतरच्या पाच वर्षांत पानिपत जिल्ह्यातील सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीत काय बदल झाला, आणि त्या तपासण्यांतून किती प्रकरणे न्यायालयापर्यंत पोचली?’ हा प्रश्न आटोपशीर आहे. त्याला कागद आहेत, माणसे आहेत आणि निश्चित उत्तरही आहे.

प्रश्न असा लहान करताना त्याचे महत्त्व कमी होते, असा गैरसमज आहे. अमेरिकेतील जेफ्री प्रेसमन आणि एरन विल्डाव्हस्की या दोन अभ्यासकांनी १९७३ साली अंमलबजावणी याच विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वॉशिंग्टनमध्ये ठरलेला एक रोजगार कार्यक्रम ओकलंड या एकाच शहरात कसा रखडला, एवढेच त्यांनी पाहिले. आणि त्यातून लोकप्रशासनाची एक नवी अभ्यासशाखा उभी राहिली. त्यांचा मुख्य विचार साध्या गणिताने समजतो. एखादे काम पूर्ण होण्यासाठी दहा ठिकाणी होकार मिळावा लागत असेल, आणि प्रत्येक ठिकाणी होकाराची शक्यता शंभरात नव्वद असेल, तर दहाही होकार मिळण्याची शक्यता शंभरात सुमारे पस्तीसच उरते. कोणीही दुष्ट नसताना, कोणीही आळशी नसताना योजना अडते ती अशी.

आपल्या उदाहरणातील साखळी पाहा. केंद्रात महिला व बालविकास, आरोग्य आणि शिक्षण ही तीन खाती एकत्र येणार; राज्यशासन निधी पुढे पाठवणार; जिल्ह्यात कृतिदल बसणार; समुचित प्राधिकारी सोनोग्राफी केंद्रांची तपासणी करणार; आशा कार्यकर्ती गरोदरपणाची वेळेवर नोंद करणार; गुन्हा आढळल्यास न्यायालयात तक्रार जाणार; साक्षीदार टिकणार. यांपैकी एकच कडी निवडा आणि ती नीट तपासा.

दुसरी पायरी पूर्वपीठिकेची. हा भाग म्हणजे पुस्तकांच्या नावांची माळ नव्हे. आपला प्रश्न कोणत्या प्रवाहात येतो, हे वाचकाला त्यातून दिसावे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्यामागे मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांची चळवळ होती. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो अमलात आला १९९६ च्या आरंभी. कायदा झाला, पण तो राबवला जात नाही, अशी तक्रार घेऊन ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले आणि २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेतली म्हणजे २०१५ ची योजना ही कोऱ्या पाटीवरची अक्षरे नव्हती, हे समजते. तेव्हा संशोधकाने विचारले पाहिजे : वीस वर्षे कायदा असताना जे झाले नाही, ते घडवून आणण्यासाठी नव्या योजनेने कोणते नवे साधन दिले?

तिसरी पायरी मोजमापाची. येथे घोटाळे अधिक होतात, म्हणून जरा थांबतो. मुलींचे प्रमाण सांगणारे दोन आकडे वर्तमानपत्रांत सरसकट एकाच नावाने वावरतात. एक, शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली. हा जनगणनेतून मिळतो. दुसरा, जन्माच्या वेळचे प्रमाण. हा जन्मनोंदणीतून किंवा नमुना पाहणीतून मिळतो. पहिल्या आकड्यात जन्मानंतरची हेळसांड आणि बालमृत्यूही मिसळलेले असतात; दुसऱ्यात ते नसतात. मानवी हस्तक्षेप नसेल तर जन्माच्या वेळी दर हजार मुलग्यांमागे सर्वसाधारणपणे ९५० च्या आसपास मुली जन्मतात. म्हणून हजार हा आकडा ‘आदर्श’ मानून तुलना करणेही बरोबर नाही.

२००१ च्या जनगणनेत हरियाणाचे बालकांमधील प्रमाण ८१९ होते. २०११ मध्ये ते ८३४ झाले. पानिपत जिल्ह्याचा २०११ चा आकडा ८३७. योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशातील शंभर जिल्हे निवडले गेले, त्यांत हरियाणाचे बारा होते. महेंद्रगड ७७५ वर आणि झज्जर ७८२ वर होते. त्या बारांत पानिपतचा आकडा सर्वांत वरचा होता. शुभारंभाचे ठिकाण आणि सर्वांत बिकट ठिकाण एकच असते असे नाही, हे यावरून ध्यानात येईल. आणि हरियाणाकडे बोट दाखवण्यापूर्वी मराठी वाचकाने आणखी एक आकडा पाहावा : त्याच यादीत महाराष्ट्राचा बीड जिल्हा होता आणि त्याचे प्रमाण ८०७ होते. म्हणजे पानिपतपेक्षा तीस अंकांनी खाली.

आकडा घेताना तो कोणत्या अवस्थेतील आहे हेही तपासा. २०११ च्या जनगणनेचे हंगामी आकडे आधी आले, अंतिम नंतर. महाराष्ट्राचा हंगामी आकडा ८८३ होता, अंतिम ८९४ झाला. एका निबंधात एका जिल्ह्याचा हंगामी आणि दुसऱ्याचा अंतिम आकडा घेतला, तर दोहोंतील फरक समाजाचा नसून छापखान्याचा असेल. जिल्ह्याच्या सीमाही पाहाव्यात. पानिपत जिल्हा कर्नालमधून १ नोव्हेंबर १९८९ रोजी वेगळा झाला, मध्यंतरी पुन्हा विलीन झाला आणि १९९२ मध्ये परत स्वतंत्र झाला. त्यामुळे दीर्घ काळाची तुलना करावयाची तर प्रदेश तोच आहे याची खात्री आधी केली पाहिजे.

लहान संख्यांचा मोह तर फारच टाळावा. एखाद्या गावात वर्षाला वीस बाळे जन्मली आणि त्यांत नऊ मुली असल्या, तर प्रमाण ८१८ होते. दहा असल्या तर १०००. अकरा असल्या तर १२२२. एका बाळाच्या फरकाने गाव बदनाम होते किंवा त्याचा सत्कार होतो. हजार जन्मांच्या समूहातही पन्नास-साठ अंकांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणून गावपातळीवरच्या एका वर्षाच्या आकड्यावर निष्कर्षाची इमारत उभारू नका; निदान तीन ते पाच वर्षांचे जन्म एकत्र घ्या.

वर्षांची निवडही निष्कर्ष बदलते. जन्मनोंदणीनुसार हरियाणात २०१४ साली प्रमाण ८७१ होते, २०१९ मध्ये ९२३ आणि २०२४ मध्ये ९१०. पहिली दोन वर्षे घेतली तर बावन्न अंकांची वाढ दिसते; शेवटची दोन घेतली तर तेरा अंकांची घट. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु यांतील एकच सांगणारा निबंध प्रामाणिक नाही. संपूर्ण मालिका वाचकासमोर ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.

चौथी पायरी कारणाची. आकडा वाढला, म्हणजे योजनेमुळेच वाढला असे होत नाही. पूर्वी मुलींच्या जन्माची नोंद हयगयीने होत असेल आणि योजनेनंतर ती काळजीपूर्वक होऊ लागली, तर एकही जादा मुलगी न जन्मता प्रमाण सुधारेल. कायद्याने जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते, परंतु उशिराही करता येते. तेव्हा आकडा जन्मतारखेनुसार आहे की नोंदतारखेनुसार, हे विचारले पाहिजे. शिवाय पानिपतच्या पूर्वेस यमुना आहे आणि पलीकडे उत्तर प्रदेशाचा शामली जिल्हा. अलीकडे तपासणी कडक झाली म्हणून लोक नदी ओलांडून जाऊ लागले, तर पानिपतच्या केंद्रांचे कागद स्वच्छ दिसतील आणि मुलींची संख्या मात्र तशीच राहील. हरियाणाच्या पथकांना शेजारच्या राज्यांत जाऊन धाडी घालाव्या लागल्या, ही गोष्टच या शक्यतेकडे निर्देश करते. आणखी एक सूक्ष्म बाब : शंभर जिल्हे निवडले गेले ते त्यांचे आकडे खालचे होते म्हणून. अत्यंत खालचा आकडा काही अंशी योगायोगाचा असतो आणि पुढच्या मोजणीत तो आपोआप थोडा वर येतो. म्हणून तुलनेसाठी योजनेत न आलेला, पण जवळपास तशाच स्थितीतला जिल्हा घ्यावा लागतो.

या विचाराला महाराष्ट्रातील एक उदाहरण जोडतो. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, जे पुढे २०१८ साली बडोदे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यांनी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंद ठेवणारे उपकरण बसवून घेतले. त्याला डॉक्टरांच्या संघटनेने आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रशासनाची बाजू उचलून धरली. जिल्ह्याचे बालकांमधील प्रमाण २००१ मध्ये ८३९ होते, २०११ मध्ये ८६३ झाले. यावरून ‘उपकरणामुळे चोवीस अंकांची वाढ’ असे लिहिण्याचा मोह होईल. पण २०११ मध्ये शून्य ते सहा वयाची असलेली मुले २००४ पासून पुढे जन्मलेली होती. मोहीम दशकाच्या अखेरीची. तिच्यापूर्वी जन्मलेल्या मुलींचे श्रेय तिला कसे देता येईल? मोहिमेचे मोल यामुळे कमी होत नाही. ते मोजण्यासाठी दुसरे माप, म्हणजे वर्षवार जन्मनोंदणी, वापरले पाहिजे एवढेच सिद्ध होते.

पाचवी पायरी साधनांची. परिपत्रके, बैठकींची इतिवृत्ते, तपासणी-अहवाल, न्यायालयीन निकाल ही आपली मूळ साधने. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागण्याचा हक्क दिला आहे. अर्जदाराने कारण सांगण्याची गरज नाही आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. अर्ज मात्र नेमका हवा. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तरही तसेच सैल येईल. ‘२०१५ ते २०१९ या प्रत्येक वर्षी तपासलेल्या केंद्रांची संख्या, रद्द झालेल्या नोंदणींची संख्या आणि न्यायालयात दाखल झालेल्या तक्रारींची संख्या’ असे मागितले तर तक्ता हाती येईल. सोनोग्राफी केंद्राने आपल्या नोंदी दोन वर्षे जपाव्यात अशी कायद्यातील साधारण तरतूद आहे. म्हणून जुन्या नोंदींवर अवलंबून असलेला प्रश्न निवडण्याआधीच त्या शिल्लक आहेत काय, ते पाहा.

येथे भाषांतरकार म्हणून एक सावधगिरी सांगतो. हरियाणातील कागद हिंदीत असतात. लिपी तीच, शब्द ओळखीचे, म्हणून मराठी अभ्यासक निर्धास्त होतो. पण हिंदी कागदातील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, संकट नव्हे. ‘शिक्षा विभाग’ कोणाला दंड करीत नाही, शाळा चालवतो. आणि ‘अधिनियम में संशोधन’ असे वाचून कोणी कायद्यावर संशोधन झाले असे समजू नये. कायद्यात दुरुस्ती झाली एवढाच त्याचा अर्थ. पदनामांचेही तसेच. आपल्याकडचा जिल्हाधिकारी तो हरियाणात उपायुक्त. महाराष्ट्रात ‘उपायुक्त’ म्हटले की महापालिकेचा किंवा विभागीय आयुक्तालयाचा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. असे शब्द निबंधात पहिल्यांदा येतील तेथेच त्यांचा खुलासा करावा.

कागदांइतकीच माणसेही बोलकी असतात. मायकेल लिप्स्की या अभ्यासकाने १९८० साली दाखवून दिले की नागरिकाच्या दृष्टीने शासनाचे धोरण म्हणजे शेवटच्या टोकाला भेटणारा कर्मचारी जे करतो ते. तेव्हा पानिपतच्या अभ्यासात आशा कार्यकर्तीचे म्हणणे उपायुक्तांच्या म्हणण्याइतकेच वजनदार मानावे. परंतु हा विषय नाजूक आहे. गर्भवती स्त्रीची ओळख पटेल असा कोणताही तपशील निबंधात येता कामा नये. गावाचे नाव, प्रसूतीचा महिना आणि आधीच्या मुलींची संख्या एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या तरी लहान गावात बाई ओळखली जाते. मुलाखतीपूर्वी संमती घ्या, आणि नवरा वा सासू समोर असताना दिलेली संमती पुरेशी समजू नका. एखाद्या बाईचे घरातले दिवस आपल्या एका तळटीपेमुळे अवघड झाले, तर तो निबंध कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी फसला.

पैशाचा मागोवा हाही साधनांचाच भाग. महिला सबलीकरणविषयक संसदीय समितीने, जिच्या अध्यक्षा नंदुरबारच्या तत्कालीन खासदार हीना गावित होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल सादर केला. २०१६ ते २०१९ या काळात योजनेसाठी दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसिद्धीवर खर्च झाली, असे समितीने नोंदवले. हा आकडा उद्‌गारचिन्हासह छापणे सोपे आहे. संशोधक त्यापुढे जातो. लोकांचे मन वळवणे हेच योजनेचे एक साधन होते, तेव्हा प्रसिद्धीवर खर्च होणे अपेक्षितच. मग शिक्षण आणि आरोग्य यांसाठीचा निधी कोणत्या पायरीवर अडला? राज्याकडे की जिल्ह्यात? आणि प्रसिद्धीमुळे मत बदलले काय, याची मोजणी कोणी केली होती काय? आकड्याने आपणांस थांबवू नये, पुढचा प्रश्न सुचवावा.

आता लेखनाविषयी. निबंधाच्या आरंभी दीडशे-दोनशे शब्दांत प्रश्न, साधने आणि उत्तर सांगून टाकावे. वाचकाला ताटकळत ठेवणे हे रहस्यकथेचे काम. नंतर पूर्वपीठिका, पद्धती, आढळलेल्या गोष्टी, त्यांची चर्चा आणि निष्कर्ष असा क्रम ठेवावा. ‘काय आढळले’ आणि ‘त्याचा अर्थ मला काय वाटतो’ यांची सरमिसळ करू नये. प्रत्येक आकड्याजवळ त्याचा उगम द्यावा.

भाषेविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या सरकारी मराठीला ‘करण्यात आले’ या प्रयोगाची फार सवय आहे. ‘तपासणी करण्यात आली’, ‘सूचना देण्यात आल्या’, ‘कारवाई करण्यात येईल’. या वाक्यांत क्रिया आहे, कर्ता नाही. शासनाला कर्ता झाकून ठेवणे सोयीचे असते. संशोधकाचे काम तो शोधून काढण्याचे आहे. कागदात ‘केंद्र बंद करण्यात आले’ असे असेल, तर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली बंद केले आणि ते पुन्हा केव्हा उघडले, हे विचारा. कर्ता सापडत नसेल तर तसे स्पष्ट लिहा. तोही एक निष्कर्षच आहे. लोकप्रशासनातील पुष्कळसे संशोधन म्हणजे कर्मणी वाक्यांचे कर्तरी वाक्यांत केलेले रूपांतर होय, असे मी म्हणेन.

आणि निष्कर्ष पुराव्याएवढाच असावा. पानिपतमध्ये तपासण्या वाढल्या पण खटले वाढले नाहीत, एवढेच आढळले असेल, तर तेवढेच लिहा. ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ हे वाक्य त्याच्या शेपटीला जोडू नका. ते खरे असेलही, परंतु तुमच्या निबंधाने ते दाखवलेले नाही. सूचना करावयाचीच तर ती अशी करा की ती कोणी अमलात आणावी, तिला किती खर्च येईल आणि ती फसली तर ते कसे कळेल, हे तिच्यातच स्पष्ट असेल.

मित्रहो, २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे या योजनेनंतर जन्मलेल्या मुलींची घरोघर जाऊन केलेली मोजणी बराच काळ कोणाच्या हाती नव्हती. अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याने एका जिल्ह्यातील पाच वर्षांची जन्मनोंदणी नीट लावून, पडताळून, छापली तर ती केवळ पदवीची पूर्तता राहत नाही. दर हजारी पन्नास हा आकडा तक्त्यात लहान दिसतो. वर्षाला वीस हजार बाळे जन्मणाऱ्या जिल्ह्यात त्याचा अर्थ जन्मालाच न आलेल्या सुमारे पाचशे मुली असा होतो. त्या मुली साक्षीला येऊ शकत नाहीत, अर्ज करू शकत नाहीत. त्यांच्या बाजूने बोलणारा कागद तुमचा असेल, तर त्यातील प्रत्येक अंक खरा असला पाहिजे.